किलोवरची वेचणी आणि तीन आण्यांची मजुरी

वर्धा जिल्ह्यात पऱ्हाटीच्या शेतात राबणाऱ्या एकाच बाईला एकाच हंगामात दोन वेगळ्या हिशेबांनी पैसे मिळतात. निंदणाला गेली तर रोज ठरलेला. वेचणीला गेली तर किलोमागे दर. हा फरक कुणी अर्थशास्त्राचा ग्रंथ उघडून केलेला नाही. वेचलेला कापूस संध्याकाळी काट्यावर टाकता येतो, तिथे वाद घालायला फारशी जागा राहत नाही. निंदणाचं तसं नाही. तण मुळासकट निघालं की वरवर खुडलं गेलं, हे पुढचा पाऊस पडून गेल्यावर कळतं, आणि तोवर मजुरी चुकती झालेली असते. जे मोजता येतं त्याला मापावर पैसे आणि जे मोजता येत नाही त्याला दिवसाच्या हिशेबानं, ही शेतीतली जुनी समजूत आहे. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये नेमका हा मुद्दा गणिताच्या भाषेत मांडला. कामाला अनेक अंगं असतील आणि त्यांतलं एकच मोजून त्यावर बक्षीस लावलं, तर माणूस बाकीच्या अंगांकडे पाठ फिरवतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे दोघांनाही नोबेल मिळालं, होल्मस्ट्रॉम यांना २०१६ मध्ये आणि मिलग्रॉम यांना २०२० मध्ये. निंदणाला रोज ठरवणाऱ्या शेतकऱ्याला त्यांच्या समीकरणांत नवं काही सापडलं नसतं.

पण वेचणीतसुद्धा काटा सगळं सांगत नाही. सकाळी दव असताना वेचलेला कापूस वजनाला जास्त भरतो. बोंडाबरोबर वाळलेला पाला आला, किडकी कवडी आली, तरी किलोत भरच पडते. हिंगणघाटच्या किंवा पुलगावच्या जिनिंगमध्ये गाडी पोचली की ओल आणि कचरा पाहून भाव पाडला जातो, आणि तो फटका शेतकऱ्याला बसतो. वेचणारीला यात लबाड ठरवण्याचं कारण नाही. तिला वजनाचे पैसे मिळतात, ती वजन आणते. स्वच्छ वेचायला वेळ जास्त लागतो आणि त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. कामाला माणसं कशानं उत्साही होतात, त्यांना बक्षीस काय द्यावं, यावर व्यवस्थापनाच्या शिबिरांत पुष्कळ बोललं जातं. पण चर्चा बहुधा ‘किती द्यावं’ इथून सुरू होते. त्याआधीचा प्रश्न असा, की हातात पडणाऱ्या पैशांतला कोणता भाग माणसाच्या हक्काचा आहे आणि कोणता खुशीचा. ही दोन खाती एकमेकांत मिसळली की दोन्ही बिघडतात, असं माझं मत आहे. आणि हा गोंधळ निस्तरण्याचा एक मोठा प्रयत्न याच जिल्ह्यात, नव्वद वर्षांपूर्वी झालेला आहे.

अखिल भारत चरखा संघ १९२५ मध्ये स्थापन झाला. खेड्यातल्या रिकाम्या हातांना काम मिळावं हा त्याचा हेतू होता, आणि काम मिळत होतंही. मजुरी मात्र बाजारात खादी खपेल अशा बेतानं ठरत गेली. दिवसभर सूत कातून साधारण कातणारणीच्या हाती दोन आण्यांच्याही आतच पडायचं. काहीच नव्हतं तिथे एवढं तरी मिळालं, असा युक्तिवाद त्यामागे होता, आणि तो देशसेवेच्या शब्दांत मांडला जाई. १९३५ मध्ये वर्ध्यात मुक्काम असलेल्या गांधींनी या युक्तिवादालाच हात घातला. आठ तासांच्या नेकीच्या कामाला आठ आणे मिळावेत, असं त्यांनी सुचवलं. त्याच काळात विनोबा वर्ध्याजवळच्या नालवाडीला रोज तासन्‌तास सूत कातून, त्या मजुरीत माणूस जगू शकतो का, हे स्वतःच्या पोटावर तपासत होते. ऑक्टोबर १९३५ मध्ये संघानं ठराव केला. आठ तासांच्या कुशल कामाचा मोबदला असा असावा, की त्यातून शास्त्रीयदृष्ट्या पुरेसा आहार आणि अंगावरचा कपडा भागला पाहिजे. व्यवहारात आठ आणे झेपले नाहीत. सुरुवात तीन आण्यांच्या आसपास झाली. वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू हे या जीवनवेतनाच्या कल्पनेचे सगळ्यांत चिवट पुरस्कर्ते, आणि महाराष्ट्र शाखेनं ती अमलात आणण्यात पुढाकार घेतला.

ही रक्कम आज कुणाला मोठी वाटणार नाही. महत्त्वाची आहे ती हिशेबाची दिशा. तोवर वरून खाली गणित व्हायचं: खादी किती रुपयांना विकली जाईल, त्यातून विणकर, पिंजारी, वाहतूक वजा जाता कातणारीला काय उरतं. आता पहिला आकडा कातणारीच्या ताटातला आला आणि खादीची किंमत शेवटी ठरू लागली. याच्याच जोडीला दुसरी गोष्ट घडली, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. दर वाढवताना संघानं सुताच्या गुणाचा आग्रहही वाढवला. ६४० तारांची गुंडी झाली की तिचं वजन करून सुताचा नंबर काढायचा, तार सारखा आहे का ते पाहायचं, ओढून मजबुती तपासायची. नीट पिंजलेले पेळू आणि सुधारलेली साधनं यांवर भर आला. पोटापुरती मजुरी हा हक्क झाला, आणि त्याच्या वरचं सगळं सुताच्या गुणाशी बांधलं गेलं. गुंडी तपासली जाताना कातणारीला आपलं सूत कसं आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी कळत होतं. कारागिराला असं कळणं हे अर्धं बक्षीस असतं, आणि त्याला खर्च फार येत नाही.

या दोन खात्यांची सरमिसळ झाली की काय होतं, ते बोनसच्या इतिहासात स्पष्ट दिसतं. पहिल्या महायुद्धात महागाई वाढली तेव्हा मुंबईच्या गिरणीमालकांनी पगार वाढवण्याऐवजी युद्ध-बोनस दिला. त्यांच्या दृष्टीनं ती खुशी होती, कधीही मागे घेता येईल अशी. कामगारांच्या दृष्टीनं ती घरखर्चात बसून गेलेली कमाई होती. १९२३ चा वार्षिक बोनस नाकारला गेला आणि १९२४ च्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. दीड लाखाच्या वर कामगार रस्त्यावर आले. मुख्य न्यायाधीश मॅक्लिऑड यांच्या समितीनं कामगारांचा त्यावर कायदेशीर किंवा रूढीचा हक्क नाही असा निर्वाळा दिला. कायद्याच्या अक्षरानं तो बरोबर असेलही, पण माणसाच्या मनाचा अंदाज त्यात चुकला होता. अखेर १९६५ चा बोनस कायदा आला, आणि पुढे बोनस पगाराच्या किमान ८.३३ टक्के ठरला. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाचा बारावा भाग, तेरावा पगारच म्हणा. आज दिवाळीला हा किमान बोनस मिळाल्यानं कुणी अधिक जोमानं कामाला लागत नाही. न मिळाला तर मात्र दारात घोषणा होतात. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेली विभागणी इथे तंतोतंत लागू पडते: काही गोष्टी नसल्या तर माणूस नाराज होतो, पण असल्या म्हणून कामात रमतो असं नाही. हर्झबर्ग यांनी पगार बहुतांशी याच रांगेत बसवला.

शेजारच्या नागपुरात १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेल्या एम्प्रेस मिलचं उदाहरण याच्या उलट बाजूचं. माणसं रोज कामाला येत नाहीत ही तिथली मोठी अडचण होती. आसपासच्या खेड्यांतून आलेला कामगार गिरणीच्या भोंग्याला बांधून घ्यायला तयार नव्हता. व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी दंडाचा मार्ग धरण्याऐवजी नियमित येणाऱ्यांना बक्षिसं, खेळांचे मेळावे असे उपाय केले. पण त्याच्या जोडीला १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघात झाल्यास भरपाई अशी व्यवस्था आली, तीही देशात असा कोणताच कायदा नसताना. बक्षिसांच्या कहाण्या जास्त सांगितल्या जातात, कारण त्या रंगतदार असतात. हात यंत्रात गेला तर घर उघड्यावर पडणार नाही, हा विश्वास नसता तर वार्षिक समारंभातल्या बक्षिसाचं किती कौतुक वाटलं असतं, याची मला शंका आहे.

आज वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाचं सगळ्यांत जिवंत रूप पाहायचं असेल तर गावागावांतल्या आशांकडे पाहावं. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि आशा हे पद आलं. नावातच स्वयंसेविका, त्यामुळे पगार नाही, कामागणिक मोबदला. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातल्या एका बाळंतपणामागे आशाला ६०० रुपये: ३०० गरोदरपणाच्या तपासण्या पार पाडल्याबद्दल, ३०० दवाखान्यात नेल्याबद्दल. बाई योजनेच्या निकषात बसत नसेल तर ते नाहीत. लसीकरण, सर्वेक्षण, औषधोपचाराचा पाठपुरावा, प्रत्येकाचा वेगळा दर आणि वेगळा कागद. दवाखान्यात जायला नकार देणाऱ्या सासूची चार वेळा जाऊन समजूत काढणं, रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून राहणं, याचा दर कुठल्याच तक्त्यात नाही, आणि आशांची खरी किंमत तर याच कामात आहे. नंतर ठराविक मानधनाची भर पडली, तीही झगडून. करोनाच्या काळात हीच माणसं घरोघर फिरली. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावं लागलं, आणि मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. गौरव योग्यच होता. पण मानधनासाठी आंदोलन करणाऱ्या बाईला सन्मानचिन्ह दिलं, की ती ते आपल्या मागणीच्या शेजारी ठेवून पाहणार. हक्काचं खातं रिकामं असताना खुशीच्या खात्यात टाकलेली मोठी रक्कमही चेष्टा वाटू शकते.

बक्षिसाचा कामावर काय परिणाम होतो, यावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत प्रयोग पुष्कळ झाले. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना तुकडे जुळवायचं कोडं दिलं. ते सोडवण्याचे पैसे मिळालेल्यांनी पैसे थांबल्यावर फावल्या वेळात त्याला कमी हात लावला. आपल्याला अधिक जवळचा आहे तो मदुराईच्या आसपासच्या खेड्यांत झालेला, डॅन एरिअली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. ८७ जणांना स्मरणशक्ती, हस्तकौशल्य अशा खेळांवर बक्षिसं ठेवली: कुणाला एका खेळाचे जास्तीत जास्त ४ रुपये, कुणाला ४०, कुणाला ४००. तिथल्या माणसांसाठी ४०० ही डोळे दिपवणारी रक्कम होती, आणि सगळ्यांत वाईट खेळ झाला तो त्याच गटाचा. बक्षीस इतकं मोठं झालं की लक्ष कामावरून उडून बक्षिसावर जातं. झांबियातल्या लुसाकामध्ये केशकर्तनालयांतून निरोध विकण्याच्या मोहिमेत ज्यांना पैशांऐवजी सर्वांना दिसेल अशा तक्त्यावर चांदण्या मिळत होत्या, त्यांनी इतरांच्या दुपटीच्या आसपास विक्री केली. या निष्कर्षांवरून काही जण घाईनं म्हणतात, की पैशांचं काही नाही, कौतुक करा. हे वाक्य मालकांना फार आवडतं म्हणून त्याच्यापासून सावध राहायला हवं. मदुराईच्या खेळाडूंचं पोट त्या खेळावर नव्हतं. लुसाकाच्या केशकर्तनालयांची कमाई केस कापण्यातून होत होती. म्हणजे हक्काचं खातं दुसरीकडे भरलेलं होतं, आणि म्हणूनच चांदणीला चमक होती.

यावर पहिला आक्षेप असा, की पैशांचं आमिष चालतं हेही प्रयोगांनीच दाखवलं आहे. ते खरं आहे. उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत शिक्षकांना तारीख-वेळ उमटवणारे कॅमेरे दिले आणि हजर दिवसांशी पगार जोडला. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली. एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास गाजला. पण त्याच जिल्ह्यात, त्यांच्याच अभ्यासगटातल्यांनी सरकारी परिचारिकांवर तशीच योजना करून पाहिली तेव्हा सुरुवातीची सुधारणा १६ महिन्यांत विरून गेली, कारण आरोग्य खात्यानं ‘सूट मंजूर’ दिवसांची खिरापत वाटली. हजेरी ही उघड, सोपी आणि माणसाच्या स्वतःच्या हातातली गोष्ट आहे. तिच्यावर पैसे लावता येतात, फक्त मोजणारा प्रामाणिक हवा. शिक्षक वर्गात आल्यावर मुलाशी कसं बोलतो याला मात्र कॅमेरा पुरत नाही. ते निंदणासारखं काम आहे.

दुसरा आक्षेप: सगळ्यांना सारखंच दिलं तर चांगलं काम करणारा खचतो. हाही बिनबुडाचा नाही, पण यात एक बारकावा आहे. ओडिशात एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शमदासानी यांनी झाडू, दोऱ्या, पत्रावळी अशा हंगामी उत्पादनांवर काम करणाऱ्या मजुरांच्या छोट्या गटांत कुणाला थोडी कमी, कुणाला थोडी जास्त रोजी दिली. २०१८ च्या त्यांच्या निबंधानुसार कमी मिळणाऱ्यांचं काम तर घटलंच, पण हातातली रोजी बुडवून ते गैरहजरही राहू लागले. फरक मात्र कामातही उघड दिसत होता तिथे, म्हणजे शेजारी खरंच जास्त माल काढतो हे सगळ्यांना दिसत होतं तिथे, कुणाची तक्रार नव्हती. म्हणजे माणसाला फरक खुपतो असं नाही. कारण न दिसणारा फरक खुपतो. सहकारी बँकेत, शाळेत किंवा नगरपालिकेत वर्षाच्या शेवटी ‘उत्कृष्ट कर्मचारी’ निवडला जातो तेव्हा निवड कशावर झाली हे बहुधा कुणालाच ठाऊक नसतं. मग दोनच शक्यता उरतात. एक, तो साहेबांच्या मर्जीतला असतो. दुसरी, पुरस्कार पाळीपाळीनं फिरवला जातो. दुसरा मार्ग निदान निरुपद्रवी आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर: ठराविक पगार मिळाला की माणूस सुस्तावतो, सरकारी कचेऱ्या पाहा. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान याच्यासमोर ठेवून पाहण्यासारखं आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये ते सुरू केलं. तिथल्या डॉक्टरांना खासगी प्रॅक्टिस करता येत नाही, परिसरातच राहावं लागतं, खादी वापरण्याचा दंडक आहे. नव्या विद्यार्थ्यांचे पहिले दिवस आश्रमात जातात आणि प्रत्येक तुकडी एखादं गाव दत्तक घेते. रुग्ण जास्त तपासले, शस्त्रक्रिया जास्त केल्या म्हणून डॉक्टरच्या खिशात जास्त पडत नाही. याचा फायदा आधी रुग्णाला होतो: शस्त्रक्रिया सुचवली गेली तर तिच्यामागे कमाईचा हिशेब आहे का, असा संशय घ्यायला जागा उरत नाही. शिवाय कोणत्या अटींवर राहायचं हे येतानाच स्पष्ट असल्यामुळे, ज्याला तसं काम करायचं आहे तोच तिथे टिकतो. सगळ्यांना ते मानवतं असा दावा करणं खोटं ठरेल; बाहेर कितीतरी जास्त मिळतं आणि लोक जातात. मुद्दा असा, की सुस्ती ठराविक पगारातून येत नाही. काम चांगलं झालं की वाईट, याची कुणी दखलच घेत नाही तिथे ती येते. कचेरीत फाइल तीन दिवसांत निघाली काय आणि तीन महिन्यांत काय, ती काढणाऱ्याला कुणी विचारत नाही, दाखवत नाही, शिकवत नाही. चरखा संघात निदान गुंडी तरी तपासली जायची.

राहिला परवडण्याचा प्रश्न, आणि तो १९३५ मध्येच विचारला गेला होता. मजुरी वाढली, खादी महागली, गिऱ्हाईक कमी झालं तर कातणाऱ्यांचंच काम जाणार नाही का? काही प्रमाणात तसं होऊ शकत होतं, आणि संघातल्या सगळ्यांना हा ठराव पटलाही नव्हता. गांधींची बाजू अशी होती, की कातणारीचं पोट मारून स्वस्त ठेवलेली खादी विकायची तर त्याला सेवा म्हणता येणार नाही. आजच्या छोट्या कारखानदारापुढे हे उत्तर नुसतं नैतिकतेचं म्हणून ठेवलं तर तो नमस्कार करून निघून जाईल. त्याच्यासाठी हिशेबाचंच उत्तर आहे. कापसाच्या हंगामापुरत्या चालणाऱ्या जिनिंगमध्ये दर वर्षी नवी माणसं आली, की यंत्रांची नासधूस, अपघात, कचरा नीट न काढल्यामुळे घसरलेला दर्जा हे सगळं ‘धंद्यातली खोट’ म्हणून खतवलं जातं. वाढवलेली मजुरी मात्र खर्चाच्या बाजूला लगेच डोळ्यांत भरते. गेल्या हंगामातली माणसं पुढच्या हंगामात नक्की बोलावली जातील असा शब्द, ठरल्या तारखेला पैसे, आणि गाठीचा दर्जा चांगला आला तर तो कुणाच्या पाळीत आला हे फळ्यावर लिहून त्या पाळीला त्यातला ठरलेला वाटा, एवढं करायला फार भांडवल लागत नाही. वेचणीतही हाच मार्ग आहे. किलोचा दर काढून टाकण्याची गरज नाही. दव उतरल्यावर वेचलेल्या, पाला-कवडी वेगळी ठेवलेल्या कापसाला किलोमागे थोडा जास्त दर आधीच जाहीर करावा आणि प्रत्येकीचं गाठोडं तिच्या समोर उघडून पाहावं. जिनिंगवर भाव जेवढ्यानं पडतो त्याच्याशी हा जादा दर ताडून पाहणं शेतकऱ्याला एका हंगामात जमण्यासारखं आहे.